वेन्लाच्या वडिलांची माती

मी चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. अलेक्झांड्रिया सोडून फारशी कुठे गेले नाही. एकदा मक्केला जाऊन आले आणि दोनदा कैरोला, तेही दाताच्या कामासाठी. पण कुठल्या देशात काय पिकतं आणि कुठली माणसं कशी असतात, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. निदान गेल्या हिवाळ्यापर्यंत तरी मी असं छातीठोकपणे म्हणत असे.

निवृत्त झाल्यापासून घरातल्या मागच्या दोन खोल्या मी अरबी शिकायला येणाऱ्या परदेशी पोरींना देते. अकरा वर्षांत सतरा जणी राहून गेल्या. जर्मन पोरगी आली की पहिल्याच दिवशी कचऱ्याचं विचारते, कुठला कचरा कुठल्या डब्यात. फ्रेंच असेल तर माझ्या कॉफीला नाक मुरडते आणि तीन कप पिते. स्पॅनिश आली तर ती झोपूनच असते, दुपारी बारापर्यंत न्हाणीघर माझ्या मालकीचं. पोरगी दारात बॅग घेऊन उभी असतानाच मी शेजारच्या फौकियाला सांगून मोकळी होते, ही अशी निघणार बघ. फौकिया म्हणते, मिस इकरामच्या डोक्यात अख्खा नकाशा आहे. मला ते ऐकायला आवडायचं, कशाला खोटं बोलू.

फिनलंडबद्दल आमच्या जुन्या पाठ्यपुस्तकात चारच ओळी होत्या. जंगलं, तळी, कागदाचे कारखाने आणि शेवटी, तेथील लोक मितभाषी असतात. ही चौथी ओळ मी चौतीस वर्षं पोरींकडून घोकून घेतली.

त्या ओळीपायी मी एका पोरीला तिच्या बापाच्या मातीपासून अडवलं. दार लावून नाही अडवलं. बाप तिकडे दवाखान्याच्या थंड खोलीत पडून होता, मातीला साडेतीन आठवडे अवकाश होता, विमानं रोज उडत होती. आणि मी तिला म्हटलं, आता जाऊन काय करणार, संपलं सगळं. पुढचं सगळं त्यातून झालं.

तिचं नाव वेन्ला. वय चोवीस, उंची माझ्या दारापेक्षा जरा कमी. सप्टेंबरात आली. आल्या आल्या बूट दाराबाहेर काढले, मला हात दिला आणि उभी राहिली. मी वाट बघत होते की आता घराबद्दल काही बोलेल, समुद्राबद्दल बोलेल, निदान उकडतंय म्हणेल. काही नाही. मी मनात म्हटलं, बरोबर, चौथी ओळ.

दुसऱ्या खोलीत नोएमी होती, इटलीतल्या बारी गावची. दोघींचं चांगलं जमलं. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात त्यांचा एक खेळ चालायचा. दिवसभरात जिला आपल्या देशाबद्दल सगळ्यात वेडपट प्रश्न विचारला गेला, तिला त्या दिवशी भांडी माफ. नोएमीला सगळे विचारायचे, तुझे काका माफियात आहेत का. ती स्वयंपाकात एवढी अडाणी की पाणी उकळतानाही घड्याळ लावायची, तरी वाणी तिला पाहिलं की पास्त्याचं पाकीट पुढे करायचा. वेन्लाला टॅक्सीवाल्यांनी विचारलं होतं की तुमच्याकडे सहा महिने रात्र असते म्हणून लोक जीव देतात म्हणे, खरं का. फौकियाने विचारलं होतं, घरात अस्वल शिरलं तर काय करता. मीही विचारलं होतं की तुम्ही आईबापांना म्हातारपणी आश्रमात टाकता, ते किती वर्षांचे झाल्यावर? मला या खेळाचा पत्ताच नव्हता. पुढे नोएमीने सांगितलं, सर्वात जास्त वेळा भांडी माझ्या प्रश्नांनी वाचवली होती.

त्या खेळात वेन्ला हसायची, मी दाराआडून ऐकलंय. हसणं अगदी साधं होतं, आपल्या पोरी हसतात तसंच. पण मी ते मोजलं नाही. कशात मोजणार? माझ्या नकाशात त्याला जागा नव्हती.

तिचा बाप गावाकडे रस्त्यावरचं बर्फ बाजूला करणारी गाडी चालवायचा. दर रविवारी चार वाजता त्याचा फोन यायचा. वेन्ला फोन टेबलावर मांडायची आणि कांदा चिरत बसायची. तो तिकडे काहीतरी ठोकत असायचा, हातोडीचा आवाज यायचा. अर्ध्या तासात दोघं मिळून दहा शब्द बोलायची. शेवटी एक जण काहीतरी म्हणायचं, दुसरं "हं" म्हणायचं आणि फोन बंद. मी फौकियाला सांगितलं, अगं बापलेक फोनवरसुद्धा गप्प बसतात. फौकिया हसून हसून जिन्यात बसली. तेव्हापासून ती वेन्लाला आइस्क्रीम म्हणायला लागली, तोंडावरसुद्धा.

नोव्हेंबरच्या मध्यावर एका गुरुवारी सकाळी वेन्ला स्वयंपाकघरात आली. मी फूल, म्हणजे आमची न्याहारीची बाकल्याची उसळ, ढवळत होते. तिची अरबी पुस्तकातली, बातम्या वाचाव्यात तशी. ती म्हणाली, "मिस इकराम, माझ्या वडिलांचे काल निधन झाले. हृदय बंद पडले."

मी हातातला डाव टाकला आणि तिला मिठी मारली. मोठ्यानेच रडू फुटलं मला, मी तशीच आहे. ती ताठ उभी होती, हात खाली. मी डोक्यात हिशोब केला. काल गेला म्हणजे कालच माती झाली असणार, फार तर आज दुपारपर्यंत. आमच्याकडे मेलेल्या माणसाला ताटकळत ठेवत नाहीत, सकाळी गेला तर संध्याकाळच्या आत मातीत. नोएमी डोळे चोळत आली, तीही म्हणाली, आमच्या गावात दोन दिवसांत होतं. मग मी वेन्लाचा चेहरा हातात घेऊन म्हटलं, "पोरी, पंख लावलेस तरी आता पोचणार नाहीस. झालं ते झालं. आम्ही आहोत इथे तुझे."

तिने तोंड उघडलं. मला आठवतंय, नीट आठवतंय. काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मग मिटलं. मी म्हटलं, असतात बाई ही माणसं अशी.

मग आम्ही आमच्या पद्धतीने सगळं केलं, आणि काही कमी केलं नाही. मी टीव्ही बंद करून त्यावर चादर टाकली. फौकियाच्या मुलीचा साखरपुडा त्याच शुक्रवारी होता. तिने ढोलवाल्यांना येऊ नका म्हणून कळवलं, आणि मुलीला सांगितलं की बिल्डिंगीत दुःख आहे, अंगठ्या मुकाट्याने घाला. आइस्क्रीम म्हणणारी हीच फौकिया, पण शेजारधर्म म्हणजे शेजारधर्म. तीन दिवस दिवाणखान्यात खुर्च्या मांडल्या, बिनसाखरेची कॉफी केली. चारही मजल्यांवरच्या बायका काळे कपडे घालून आल्या. एकेक जण वेन्लाचा हात धरून म्हणायची, त्याचं उरलेलं आयुष्य तुला लाभो. ती प्रत्येकीला "आभारी आहे" म्हणायची. शाळेत हजेरी देतात तसं, क्रमाने. तीन दिवसांत डोळ्यातून एक टिपूस नाही.

बायका जिन्यात कुजबुजायच्या. बर्फ आहे बर्फ, रक्त नाहीच अंगात. बाप मेला आणि पोरगी कॉफीचे कप गोळा करतेय. मी तिची बाजू घेतली, घेतली म्हणजे काय, म्हटलं, "त्यांच्याकडे असंच असतं गं. त्यांना आपल्यासारखं लागत नाही." दार उघडं होतं. वेन्ला आत कप विसळत होती, आणि तिला तोपर्यंत एवढी अरबी नक्कीच येत होती.

चौथ्या दिवशी ती वर्गाला गेली. खुर्च्या परत गेल्या, टीव्हीवरची चादर निघाली. आमच्या लेखी दुःखाचे दिवस झाले होते.

पुढचे दिवस मी आता आठवते तेव्हा एकेक गोष्ट वेगळी दिसते. एकदा मी मोलोखियाच्या पालेभाजीत मीठ घालायचंच विसरले. नोएमीने पहिल्या घासाला ताट सरकवलं, वेन्लाने सगळं ताट संपवलं. मी म्हटलं, त्यांच्याकडे खाणं असंच सपक असतं. डिसेंबरचा वारा सुटला, फौकियाने खिडक्या बोळे घालून बंद केल्या, वेन्ला बाल्कनीत पातळ सदऱ्यात दोन-दोन तास उभी. मी म्हटलं, त्यांना थंडी वाजत नाही. नोएमीने एकदा तिला ट्राममध्ये पाहिलं. आमचा थांबा आला, गेला, ही बसून. ट्राम शेवटपर्यंत गेली आणि तशीच परत आली, तरी ही बसलेलीच. नोएमी म्हणाली, मिस इकराम, तिला काहीतरी होतंय. मी म्हटलं, अगं शहर बघत असेल. जिभेला हाड नसतं ना, वळते तशी.

रविवारी चार वाजता ती टेबलाशी बसायची. फोन पुढ्यात, पालथा. तो थरथरायचा, ती बघायची नाही. कोण आहे विचारलं तर म्हणायची, बहीण. उचल की मग. तर म्हणायची, नंतर.

एका गुरुवारी दुपारी ती फोन स्वयंपाकघरात विसरून खाली ब्रेड आणायला गेली. फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला, असं चार वेळा. वाजणारा फोन मला सहन होत नाही. उचलला. तिची बहीण हेल्मी होती. माझं इंग्रजी शाळेतलं, तिचंही तसंच बेताचं, म्हणून एकमेकींना नीट समजलं. तिने विचारलं, वेन्ला कुठल्या विमानाने येतेय? मी म्हटलं, कशासाठी?

ती म्हणाली, "बाबांची माती परवा शनिवारी एक वाजता आहे. शवपेटी घरच्या सहा जणांनी दोरांनी खाली सोडायची असते. डावीकडचा पुढचा दोर वेन्लाचा आहे. ती येणार नसेल तर मला दुसरं कोणी बघावं लागेल. ती मला उत्तरच देत नाही."

मी म्हटलं, तुझे वडील तर तीन आठवड्यांपूर्वी वारले.

"हो," ती म्हणाली. "आमच्याकडे एवढे दिवस लागतातच. चर्चची तारीख मिळावी लागते, माणसं लांबून येतात."

मी विचारलं, आणि तोपर्यंत ते कुठे आहेत? ती म्हणाली, दवाखान्यात, थंड खोलीत. काळजी करू नका, तिथे नीट ठेवतात.

मी खाली बसले. फरशीवरच. मला काही वाटेचना. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते आणि आकडे दिसत होते, बस. बावीस दिवस तो माणूस एकटा पडून होता, आणि मी त्याच्या पोरीला त्याच्या नावाची कॉफी पाजून मोकळी झाले होते. त्या सकाळी तोंड उघडून मिटलं होतं ना तिने, ते हेच सांगायचं होतं.

वेन्ला ब्रेड घेऊन आली. मी फरशीवर आणि माझ्या हातात तिचा फोन, हे बघून तिला कळलं. तिने ब्रेड टेबलावर ठेवला, त्यावर फडकं झाकलं.

मी भडकले. मला दुसरं काही येत नाही, मी घाबरले की भडकते. सांगितलं का नाहीस, तोंड आहे ना तुला, एवढे दिवस आम्ही काय मूर्खासारखे बसलो होतो इथे. ऊठ, बॅग भर. फौकियाला हाक मारली. तिच्या दिराचं प्रवासी तिकिटांचं दुकान आहे, तिने तिथल्या तिथे त्याला फोन लावला. शुक्रवारी दुपारी कैरोहून विमान, इस्तंबूलला बदलायचं, रात्री फिनलंड. हेल्मी गाडी घेऊन येईल. एक जागा शिल्लक होती. नोएमी कपाटातून लोकरीचे कपडे काढायला लागली. बायका पुन्हा जिन्यात जमल्या. त्यांना कळेना की तीन आठवड्यांपूर्वी मेलेल्या माणसाची माती अजून व्हायची कशी आहे.

वेन्ला आपल्या पलंगावर बसली होती. बॅगेकडे बघत होती, पण भरत नव्हती. मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लोटलं.

म्हटलं, "तुला जायचंय की नाही, एवढं सांग. फौकियाचा दीर तिकीट धरून बसलाय."

ती म्हणाली, "मला माहीत नाही."

"बाप आहे तुझा."

"होय." मग ती बोलायला लागली, तिच्या त्या पुस्तकी भाषेत, एकेक शब्द ठेवत. "त्या सकाळी मी सांगणार होते की माती तीन आठवड्यांनी आहे. आपण म्हणालात, संपले. तेव्हा मला वाटले, ठीक आहे, इथे संपले आहे. मी इथेच राहिले तर ते संपलेलेच राहील."

ती पुढे म्हणाली, "मला काहीच वाटत नाही, मिस इकराम. बाबा गेल्यापासून. भूक नाही, थंडी नाही. मला भीती वाटली होती की माझ्यात काही बिघडले आहे. पण बायका म्हणाल्या, फिनलंडची माणसे अशीच असतात. आपणही म्हणालात. मग माझी भीती गेली. मला वाटले, म्हणजे मी आजारी नाही. मी फक्त फिनलंडची आहे."

ती हे रडत म्हणाली असती तर मी तिला पोटाशी धरलं असतं. ती उत्तरपत्रिका वाचावी तशी म्हणाली. मला लाज वाटली. तेवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि मी पाच निरीक्षकांसमोर नापास वर्ग उभा केलेली बाई आहे.

मी म्हटलं, "ऐक. मला फिनलंडचं काही म्हणजे काही माहीत नाही. चार ओळी वाचल्यात मी. आम्ही तुला बघितलंच नाही. तो दोर तुझा आहे, दुसऱ्या कोणाच्या हातात देऊ नकोस. तिथे गेल्यावरही काही वाटलं नाही तर नाही वाटलं. पण दोर धर."

तिने विचार केला. मग उठली आणि बॅग भरायला लागली. मोजे, काळा स्वेटर. घड्या अगदी नीट घालत होती.

शुक्रवारी सकाळी फौकियाच्या जावयाने, म्हणजे होणाऱ्या जावयाने, तिला गाडीने कैरोला नेलं. फौकियाने वाटेसाठी एवढं बांधून दिलं की विमानतळावर अर्धं काढून टाकावं लागलं म्हणे. बायका बाल्कन्यांतून बघत होत्या. वेन्लाने गाडीत बसताना वर बघितलं, हात हलवला नाही. आणि मी माझ्या तोंडाला कुलूप लावलं, मनातल्या मनातसुद्धा.

शनिवारी एक वाजता मी काळे कपडे घालून बसले. तिकडे आणि इकडे हिवाळ्यात घड्याळ एकच वेळ दाखवतं, हे मात्र मला खरोखर माहीत होतं. नोएमीने मेणबत्ती लावली. फौकिया आली, टीव्हीचं बटण बंद आहे ना बघून माझ्या शेजारी बसली. दोन वाजेपर्यंत आम्ही तिघी काही न बोलता बसलो होतो.

संध्याकाळी वेन्लाचा फोन आला. म्हणाली, माती झाली. बर्फ होतं, पण जमीन आधीच मशीनने खणून ठेवली होती. मी विचारलं, दोर? म्हणाली, धरला. जड होता. हाताला वळ उठले. मी म्हटलं, बरं केलंस.

मग ती म्हणाली, "मी रडले, मिस इकराम. पेटी तळाला लागली तेव्हा. मोठ्याने. पुष्कळ वेळ." हेही ती दुसऱ्या कोणाचं पत्र वाचून दाखवावं तसं सांगत होती. तिच्या आवाजाला अजून काही पोचलं नव्हतं. "सगळे वळून बघू लागले. नंतर कॉफीच्या वेळी आत्या हेल्मीला म्हणाली, अरबांमध्ये राहून ही अशी झाली. तिकडे असेच ओरडून रडतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "कोण ही आत्या? दे फोन तिच्याकडे. बाप गेला म्हणून पोरगी रडली, त्यात अरबांचा काय संबंध? कधी आयुष्यात अरब बघितलाय का तिने?"

तिने मला बोलून घेऊ दिलं.

"मिस इकराम," ती म्हणाली, "मी रडत नव्हते, तेव्हा आपणही असेच म्हणाला होतात."

तिच्या आवाजात राग नव्हता.